पहिल्या अल्बमची परीक्षणं वाचायची कशी?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. आठ वर्षांत लिहिलेली अकरा गाणी, शब्द तुमचे, चाली तुमच्या, आवाजही तुमचाच. अल्बम चार महिन्यांपूर्वी आला आणि त्यावर सहा परीक्षणं आली. दोघांनी मनापासून कौतुक केलं. तिघांनी ‘आश्वासक’ म्हणून मधले गुण दिले. एकाने ‘एकसुरी’ म्हणत झोडपलं. शिवाय सहापैकी चौघांनी तुमची तुलना अशा एका गायिकेशी केली, जिची गाणी तुम्ही फारशी ऐकलेलीही नाहीत. तेव्हापासून दुसऱ्या अल्बमचं काम बंद आहे. या सहांपैकी खरं कोणाचं मानायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी बावीस वर्षं संगीताची परीक्षणं लिहिते आहे. त्यातली नऊ वर्षं इतरांची परीक्षणं संपादित करण्यातही गेली. त्या अनुभवावरून सांगते, ‘खरं कोणाचं’ या प्रश्नात शिरलात तर बाहेर पडायला वाट नाही. परीक्षणात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत कालवलेल्या असतात. त्या माणसाला काय ऐकू आलं, ही एक. ते त्याला आवडलं की नाही, ही दुसरी. पहिलीला मी वर्णन म्हणते आणि दुसरीला निकाल. तुम्ही सहा निकालांची बेरीज-वजाबाकी करत बसला आहात आणि हिशेब लागत नाही म्हणून काम थांबलं आहे. तो लागणारही नाही. वर्णनं मात्र पुष्कळदा जुळतात, अगदी कौतुक करणाऱ्याचं आणि झोडपणाऱ्याचंसुद्धा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. त्या सहा जणांना या बाजाची गाणी ऐकायची सवय आहे का? त्यांच्या हातात गाण्यांचे शब्द लिहून दिले होते का? परीक्षणं एकाच आठवड्यात आली की चार महिन्यांत विखुरलेली? शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण उशिरा लिहिणाऱ्याने आधीची परीक्षणं वाचलेली असतात. वाचायची नाहीत असं ठरवलं तरी ती डोळ्यांखालून जातात आणि त्यातला एखादा शब्द नकळत आपल्या मजकुरात उतरतो. चौघांनी एकाच गायिकेचं नाव घेतलं म्हटल्यावर मला पहिली शंका आली ती प्रसिद्धीपत्रकाची. अल्बमसोबत जे पत्रक गेलं होतं ते काढून बघा. त्यात ‘अमुकची आठवण करून देणारा आवाज’ असं एखादं वाक्य असेल, तर ती चार मतं नाहीत. ते एकच मत आहे आणि ते तुमच्याच बाजूने गेलेलं आहे.

परीक्षण कसं तयार होतं हे ठाऊक असेल तर वाचताना बरंच ओझं कमी होतं. मला आठवड्याला दहा-बारा अल्बम येतात, त्यातल्या दोन-तीनवर लिहायचं असतं. ओळखीच्या कलाकाराचं नवं काम मी साधारण चार वेळा ऐकते. नवख्या कलाकाराला मी मुद्दाम पाच-सहा वेळा ऐकते: पहिल्यांदा दुसरं काही न करता, मग शब्द समोर ठेवून, मग शब्द न बघता, मग गाण्यांचा क्रम बदलून. हे सगळेच करतात असं नाही, करायला वेळही नसतो. नंतर चारशे-पाचशे शब्दांत वाचकाला सांगायचं असतं की हा माणूस कोण, गातो कसा, लिहितो कशाबद्दल आणि ऐकावं का. मथळा बहुतेक ठिकाणी परीक्षक देत नाही, संपादक देतो. मी संपादक असताना असे शेकडो मथळे दिले आहेत. त्यामुळे मथळ्यातला शब्द मनाला लावून घेण्याआधी तो मजकुरात कुठे आहे का ते पाहा. तुमच्या ‘एकसुरी’च्या बाबतीतही हे तपासाच.

पहिल्या अल्बमची गोष्ट आणखी वेगळी असते. ज्याचं चौथं काम आलं आहे त्याला त्याच्याच तिसऱ्या कामाशी मोजता येतं. नवख्याला मोजायला मागे काहीच नसतं. मग परीक्षक हाताशी असेल ते माप वापरतो: दुसरा गायक, त्या प्रकारातल्या गाण्यांचा रूढ साचा किंवा कलाकाराचं आयुष्य. स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्याच्या बाबतीत हे तिसरं माप फार लवकर बाहेर येतं. गाण्यात ‘मी’ असतो आणि तो गाणाऱ्याच्याच तोंडून येतो, त्यामुळे गाण्यातला ‘मी’ आणि माणूस यांच्यातली रेघ पुसली जाते. परीक्षण गाण्यांचं होण्याऐवजी स्वभावाचं होऊन बसतं. ‘फार हळवा’, ‘आत्ममग्न’, ‘अजून जग न पाहिलेला’ ही वाक्यं मी संपादनात कितीतरी वेळा कापली आहेत. तरुण बायकांच्या पहिल्या अल्बमवर ती जास्त येतात, हेही मी पाहिलं आहे आणि त्याचा मला आजही राग येतो. तुमच्या परीक्षणांत अशी वाक्यं असतील तर त्यांवर सरळ काट मारा.

वर्णन आणि निकाल यांचं मला आवडणारं उदाहरण अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचं आहे. सप्टेंबर १९६१ मध्ये, पहिला अल्बम ध्वनिमुद्रित व्हायच्याही आधी, रॉबर्ट शेल्टन या समीक्षकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याच्या एका कार्यक्रमावर लिहिलं. आवाज गोड म्हणावा असा मुळीच नाही, हे त्याने आडपडदा न ठेवता लिहिलं. तो खडबडीतपणा कसा आहे, कुठल्या जातकुळीचा आहे, गाणं चालू असताना तो माणूस काय करतो, हे सगळं त्याने टिपलं. मार्च १९६२ मध्ये अल्बम आला. तेरा गाण्यांत स्वतः लिहिलेली दोनच होती. पहिल्या वर्षात जेमतेम पाच हजार प्रती खपल्या. ध्वनिमुद्रण कंपनीतले लोक त्याला ‘हॅमंडची चूक’ म्हणू लागले, कारण तिथल्या जॉन हॅमंड या निर्मात्याने त्याला करारबद्ध केलं होतं. म्हणजे बाजाराचा निकाल विरोधात आणि शेल्टनचा बाजूने. आज दोन्ही निकाल बाजूला ठेवून शेल्टनचं वर्णन वाचलं तरी त्यात तोच गायक दिसतो. आवाज गोड नाही, हे त्याला नाकारणाऱ्यांचंही म्हणणं होतं. ऐकू सगळ्यांना तेच येत होतं, फक्त त्याचं काय करायचं यावर मतं वेगळी होती. चौदा महिन्यांनी, मे १९६३ मध्ये दुसरा अल्बम आला. त्यातली जवळजवळ सगळी गाणी त्याची स्वतःची होती आणि आवाज तितकाच खडबडीत होता.

माझ्या हातूनही याच जागी चूक झाली आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका नव्या गायिकेच्या पहिल्या अल्बमवर मी लिहिलं की ओळीच्या शेवटी तिचा सूर खाली घसरतो, श्वास पुरत नाही, आवाजाला सफाई नाही. गुण कमी दिले. पाच-सहा वर्षांनी तिला समोर बसून ऐकण्याचा योग आला. सूर तेव्हाही ओळीच्या शेवटी घसरत होता, आणि मला कळलं की तो तसाच घसरायला हवा आहे. तिच्या गाण्यांतली माणसं वाक्य पूर्ण करत नाहीत, बोलता बोलता थांबतात, आणि तिचा आवाज नेमकं तेच करत होता. माझ्या परीक्षणातलं एकही निरीक्षण चुकीचं नव्हतं, निकाल मात्र साफ चुकला होता. त्या परीक्षणामुळे तिने सूर ‘सुधारला’ असता तर काय गेलं असतं, या विचाराने आजही मला अस्वस्थ व्हायला होतं. म्हणून तुम्हाला हे इतकं लांबण लावून सांगते आहे.

आता ‘एकसुरी’. हा शब्द मी सविस्तर घेणार आहे, कारण तुमचं काम त्याच्यामुळेच थांबलं आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराचा पहिला अल्बम १९६९ मध्ये आला तेव्हा मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाने त्याच्याबद्दल दोन बरे शब्द लिहिले. न्यू म्युझिकल एक्सप्रेस या तशाच दुसऱ्या साप्ताहिकाच्या परीक्षकाने मात्र गुणवत्ता मान्य करूनही म्हटलं की या अल्बममध्ये पुरेशी विविधता नाही, त्यामुळे तो रंजक होत नाही. थोडक्यात, एकसुरी. वास्तविक त्या अल्बममध्ये तंतुवाद्यांचा मोठा ताफा आहे, निव्वळ गिटारवरची गाणी आहेत आणि गिटारच्या तारा गाण्यागणिक वेगळ्या लावलेल्या आहेत. तरीही त्या परीक्षकाला सगळं एका रंगाचं का वाटलं असेल? मला वाटतं, आवाजामुळे. ड्रेक मंद्र सप्तकाच्या आसपास, जवळजवळ कुजबुजल्यासारखा गातो आणि तिथून हलत नाही. १९७१ मधल्या दुसऱ्या अल्बममध्ये ड्रम आले, पितळी वाद्यं आली. १९७२ च्या तिसऱ्या अल्बममध्ये ते सगळं गेलं. उरली फक्त गिटार, आवाज आणि एका गाण्यात थोडासा पियानो, एकूण अर्ध्या तासाहूनही कमी. या बदलांचा त्या परीक्षणाशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण वाद्यं वाढली काय, घटली काय, आवाज तिन्ही अल्बममध्ये एकाच जागी बसून गातो. आज लोक त्याला त्यासाठीच ऐकतात. हयात असताना त्याच्या कुठल्याच अल्बमला खप मिळाला नाही आणि १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी तो गेला, हेही विसरून चालणार नाही. नंतर मिळालेल्या मानाने त्याची भरपाई होत नाही.

म्हणून ‘एकसुरी’ म्हटलं की पहिल्यांदा विचारायचं, एकसारखं नेमकं काय आहे? लय? पट्टी? आवाजाची जागा? गिटारचा छेड? मुखडा-अंतऱ्याची बांधणी? गाण्याची लांबी? गाण्यातला ‘मी’? की गाणी वेगळी आहेत आणि क्रम चुकला आहे? हे सगळे वेगवेगळे दोष आहेत, आणि त्यातले काही तर दोषच नाहीत.

यासाठी मी नव्या कलाकारांना एक तक्ता करायला सांगते. प्रत्येक गाण्यासमोर लिहा: लय मिनिटाला किती ठोके, पट्टी कोणती, कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) कितव्या पडद्यावर, पहिलं वाद्य कोणतं, आवाज कितव्या सेकंदाला येतो, गाणं किती मिनिटांचं, आणि पहिल्या ओळीचं क्रियापद कोणत्या काळातलं. शेवटचा रकाना गमतीचा वाटेल, पण त्यातून बरंच उघडं पडतं. एका गायकाने असा तक्ता करून मला पाठवला होता. त्याच्याही अल्बमवर एकसुरीपणाचा ठपका होता. अकरापैकी नऊ गाणी त्याच छेडाने सुरू होत होती, आवाज बाराव्या ते सोळाव्या सेकंदाच्या दरम्यान येत होता आणि सात गाण्यांची पहिली ओळ भूतकाळातली होती. पुढे गाणी अगदी वेगळ्या वळणांनी जात होती. पण आठवं गाणं सुरू होताना ऐकणाऱ्याच्या कानाने ‘हे झालंय’ म्हणून आधीच पाठ फिरवलेली असे. त्याला गाणी बदलायची गरज नव्हती. चार गाण्यांची सुरुवात बदलली असती तरी पुरलं असतं. ज्या परीक्षकाने ठपका ठेवला त्याला हे कारण सापडलं नव्हतं, पण खटकलं ते खरं खटकलं होतं. परीक्षकाचं निदान बऱ्याचदा चुकतं. दुखतं कुठे, ते मात्र त्याला सहसा बरोबर कळतं.

तक्ता करून असं दिसलं की सुरुवाती वेगळ्या आहेत, लयी वेगळ्या आहेत, आणि एकसारखी आहे ती फक्त तुमच्या आवाजाची जागा, तर निर्णय तुमचा. ती जागा तुम्ही निवडली आहे की तिथून बाहेर पडायची भीती वाटते म्हणून तिथे आहात, हे तुम्हालाच ठाऊक. ही गोष्ट कुठल्याही परीक्षकाला अल्बमवरून समजत नाही, मलाही नाही.

‘आश्वासक’बद्दल थोडक्यात. तिघांनी तोच शब्द वापरला याचं वाईट वाटून घेऊ नका, आनंदही मानू नका. हा शब्द मीही वापरला आहे, आणि वापरला तेव्हा प्रत्येक वेळी एकाच कारणाने: काहीतरी ऐकू आलं होतं पण त्याला नाव देता येत नव्हतं आणि मजकूर द्यायची वेळ झाली होती. त्या तीन परीक्षणांत ‘आश्वासक’च्या आधीची दोन वाक्यं वाचा. काही ठोस असेल तर तिथेच असेल. नसेल तर ते परीक्षण तुमच्या कामाचं नाही.

तुलनेचंही असंच विभाजन करता येतं. अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनलाही हॅमंडनेच करारबद्ध केलं होतं. त्यामुळे जानेवारी १९७३ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तो ‘नवा डिलन’ ही पाटी गळ्यात घेऊनच. ही पाटी म्हणजे निकाल, आणि तिचा त्याला उपयोग शून्य. खपही थोडाच झाला. पण रोलिंग स्टोन या अमेरिकी नियतकालिकात लेस्टर बँग्ज या समीक्षकाने कौतुक करताना लिहिलं ते मुख्यतः शब्दांच्या भडिमाराबद्दल: किती शब्द, एका ओळीत किती कोंबलेले, यमकांची किती रेलचेल. हे वर्णन झालं, आणि ते अचूक आहे. त्या अल्बममधलं पहिलंच गाणं ऐका, श्वास घ्यायला जागा नाही. पुढे स्प्रिंगस्टीननेच सांगितलं की डिलनशी होणाऱ्या तुलना ऐकून तो लिहिण्याच्या त्या पद्धतीपासून दूर गेला. १९७५ मधल्या तिसऱ्या अल्बमवर शब्द किती मोजके झाले आहेत ते ऐकलं की लक्षात येतं.

तुमच्या बाबतीत त्या गायिकेचं नाव खोडून टाका आणि त्या चौघांनी साम्य कशात म्हटलं ते पाहा. आवाजाच्या पोतात म्हटलं असेल तर सोडून द्या, आवाज कोणी बदलत नाही. शब्दांच्या फेकीत किंवा चालीच्या वळणात म्हटलं असेल, तर एकदा तिचे दोन अल्बम शांतपणे ऐका. न ऐकलेल्या माणसाचीही सावली आपल्या कामावर पडते, कारण तिच्यावर ज्यांचा परिणाम झाला त्यांचाच आपल्यावरही झालेला असतो. ते मूळ सापडलं तर तुम्हाला दोघांमधला फरकही दिसेल.

गुणांवर मला फार बोलायचं नाही. २००१ पासून मेटाक्रिटिकसारखं संकेतस्थळ वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण शंभरात बसवून सरासरी काढतं. जिथे परीक्षकाने आकडा दिलेलाच नसतो तिथे मजकूर वाचून तिथली माणसं आकडा ठरवतात. पिचफोर्क हे संगीत-परीक्षणांचं संकेतस्थळ दहापैकी गुण देतं, तेही दशांशात. अमेरिकी गायिका लाना डेल रेचा मोठ्या कंपनीकडून आलेला पहिला अल्बम २०१२ मध्ये आला तेव्हा त्यांनी ५.५ दिले आणि २०२१ मध्ये जुने काही आकडे फेरतपासताना तेच ७.८ केले. नऊ वर्षांत अल्बममधला एक स्वरही बदलला नव्हता. २०१२ मध्ये सगळी चर्चा होती ती ही बाई खरी की बनावट यावर. आधी दुसऱ्या नावाने गात होती, तो अल्बम गुंडाळला गेला होता, हे मुद्दे गाण्यांपेक्षा जास्त चघळले गेले. आता सगळ्यांना कळलं आहे की ते पात्र तिने रचलं होतं आणि तिच्या गाण्यांचा विषयच ते पात्र होतं. म्हणून सरासरी काढायचं काम आधी बंद करा.

एक बाब मात्र निकालापेक्षाही गंभीरपणे घ्या, ती म्हणजे ध्वनीबद्दलच्या तक्रारी. कॅनडाच्या गायिका-गीतकार जोनी मिचेलचा पहिला अल्बम १९६८ मध्ये आला. निर्माता होता डेव्हिड क्रॉस्बी. उघड्या ग्रँड पियानोत तिने गायचं आणि तारांतून उठणारे अनुनाद पकडायचे, अशी त्याची कल्पना होती. कल्पना सुंदर, पण ध्वनिफितीवर खरखर इतकी आली की ती काढता काढता वरच्या पट्टीतली चमकही गेली. गाणी चांगली असून अल्बम झाकोळल्यासारखा ऐकू येत राहिला. २०२१ मध्ये तिच्या सुरुवातीच्या अल्बमांचा संच निघाला तेव्हा या पहिल्या अल्बमचं ध्वनिमिश्रण नव्याने केलं गेलं. कॅनडाच्याच लेनर्ड कोहेन या कवी-गायकाचं १९६७ मधल्या पहिल्या अल्बमच्या वेळी निर्मात्याशी संगीत संयोजनावरून बिनसलं होतं. त्याला गाणी उघडी हवी होती, निर्मात्याला भरलेली. ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउसच्या २००३ मधल्या पहिल्या अल्बमला तर परीक्षकांनी उचलून धरलं, मर्क्युरी या ब्रिटिश संगीत-पुरस्काराच्या यादीतही तो गेला, पण तिने जाहीरपणे सांगितलं की तो पूर्णपणे तिच्या मनासारखा झालेला नाही. स्वतःच्या अल्बमबद्दल तुमचं मत काय, हे तुम्ही तुमच्या प्रश्नात कुठेच लिहिलेलं नाही. सहा जणांचं लिहिलं आहे, सातवं राहून गेलं. ते लिहा. सहा परीक्षणं पुन्हा वाचायच्या आधी लिहा आणि बाजूला ठेवा.

योगायोगाचा भागही मोठा असतो. अमेरिकी गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनचा पहिला अल्बम एप्रिल १९८८ मध्ये आला आणि परीक्षणं चांगली होती. पण तिला घराघरांत नेलं ते ११ जून १९८८ च्या लंडनमधल्या वेम्ब्ली इथल्या कार्यक्रमाने, नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त झालेल्या. ती आपली गाणी गाऊन गेली होती. गायक स्टीव्ही वंडरच्या इलेक्ट्रॉनिक वाद्याची हार्ड डिस्क ऐनवेळी सापडेना म्हणून तिला पुन्हा रंगमंचावर जावं लागलं, एकटीने, गिटार घेऊन. मग अल्बम अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर पोचला. उलट बाजूला इंग्लिश गायिका व्हॅश्टी बनियन आहे. १९७० मध्ये तिचा पहिला अल्बम आला, शेकड्यांत मोजाव्यात इतक्याच प्रती खपल्या, जवळजवळ कोणी दखल घेतली नाही आणि तिने गाणंच सोडलं. २००० मध्ये तो पुन्हा निघाला, नव्या पिढीने डोक्यावर घेतला आणि २००५ मध्ये तिचा दुसरा अल्बम आला. मधली पस्तीस वर्षं कोरी. तिला कोणी झोडपलं नव्हतं, ती शांततेने खचली. तुम्हाला सहा जणांनी ऐकलं आणि बसून लिहिलं. हे मी समजूत घालण्यासाठी सांगत नाही. पहिल्या अल्बमांपैकी फार थोड्यांवर कोणी लिहितं, हे मला माझ्या टेबलावर न ऐकता पडून राहिलेल्या ढिगावरून ठाऊक आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. सहाही परीक्षणं कागदावर छापून घ्या. गुण, तारे, ‘सुंदर’, ‘कंटाळवाणं’, ‘आश्वासक’ असे सगळे शब्द पेन्सिलीने खोडा. दुसऱ्या कलाकारांची नावं खोडा. तुमच्या आयुष्याबद्दलची वाक्यं खोडा, आणि प्रसिद्धीपत्रकातून जशीच्या तशी आलेली वाक्यंही. जे उरेल ते एका कोऱ्या कागदावर उतरवा. प्रत्येक परीक्षणातून दोन-तीन वाक्यंच उरतील, कधी एकही नाही. त्यात कोणत्या गाण्यांची नावं आली आणि कोणती ओळ उद्धृत झाली ते टिपा. कोणत्या गाण्याचा कुणीच उल्लेख केला नाही हेही टिपा, कारण ते गाणं तुम्हाला सगळ्यात प्रिय असण्याची शक्यता बरीच आहे. तसं निघालं तर त्या गाण्यात तुम्हाला जे ऐकू येतं ते ध्वनिमुद्रणात पोचलेलं नाही. पुढच्या अल्बममध्ये ते नव्या रूपात घेण्यात काही कमीपणा नाही.

परीक्षकांना उत्तर द्यावं का, हेही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. जाहीर उत्तर देऊ नका. तपशिलाची चूक असेल, म्हणजे गीतकाराचं नाव चुकलं असेल किंवा वाद्य कोणी वाजवलं ते चुकलं असेल, तर संपादकाला दोन ओळी लिहा. दुरुस्ती करणं त्यांचं कामच आहे. परीक्षकाला खाजगीत लिहायचं तर ‘असं का लिहिलंत’ हे विचारू नका, ‘नेमकं कुठे’ हे विचारा. मला असं पत्र बावीस वर्षांत चार-पाचदाच आलं असेल. एका मुलीने विचारलं होतं, पाचव्या गाण्यात तुमचं लक्ष उडालं असं लिहिलंत, ते कितव्या मिनिटाला? मी ते गाणं पुन्हा लावलं. दुसऱ्या अंतऱ्यानंतर, दोन मिनिटं दहा सेकंदांपासून पुढचं अर्धं मिनिटभर चाल तीच राहून शब्द फक्त आधीचं म्हणणं पुन्हा सांगत होते. मी तिला तेवढंच कळवलं. सगळे परीक्षक उत्तर देतील असं नाही, पण या प्रश्नाने चिडणारा परीक्षक मला भेटलेला नाही.

शेवटी, तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यांतली एक गोष्ट. तिचा उल्लेख तुम्ही स्वतः केलेला नाही म्हणून सांगते. सहापैकी पाच जणांनी सातव्या गाण्याचं नाव घेतलं आहे, ते दवाखान्याच्या जिन्यावर बसलेल्या भावाचं. ज्याने एकसुरी म्हटलं त्याने तर त्यातल्या दोन ओळी पूर्ण उद्धृत केल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल चांगलं-वाईट काहीच म्हटलेलं नाही. नुसत्या लिहून ठेवल्या आहेत. नावडलेल्या अल्बममधल्या ओळी उतरवायला मी माझ्या चारशे शब्दांतले वीस शब्द सहजासहजी देणार नाही. त्याने दिले. ते गाणं तुम्ही कसं केलंत? आधी शब्द आले की चाल? एका बैठकीत की महिनाभर? पहिल्यांदा कोणासमोर गायलात, आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशी कितव्या वेळी जमलं? हे आठवत आहे तोवर लिहून काढा. दुसऱ्या अल्बमची वही त्याच पानापासून उघडा.